करवंदीच्या जाळीतला माझा अर्धा हिस्सा

मी, महादेव हिरू भोपी, वय ७२, राहणार विचुंबे, तालुका पनवेल, आज पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान ठिकाणावर असल्याचा दाखला माझा मुलगा मितेश देईल. का, ते कलम ३ मध्ये आहे.

१. मिठागरावर पाट्या उचलल्या, पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या, मग इमारती बांधल्या. ज्या झाडीवर बुलडोझर घातला, तिथल्या पक्ष्याचं नाव इमारतीला दिलं: हळद्या हाइट्स, बुलबुल पार्क, दयाळ रेसिडेन्सी. पक्षी संपले तेव्हा मुलाचं नाव दिलं. ती ‘मितेश पॅलेस’, राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मितेशला.

२. मोटारीला टेकवून बेअरिंगचा आवाज ऐकायचा माझा लांब स्क्रू ड्रायव्हर नात मनस्वीला. घरात बोलण्याआधी ऐकून घेणारी ती एकटीच आहे.

३. आता मुद्द्याचं. घरामागची अकरा गुंठे करवंदीची जाळी माझ्या आणि थोरली बहीण जनीबाय हिच्या नावावर आहे. २००३ साली साडी आणि हक्कसोडपत्र घेऊन तिच्याकडे गेलो. गावातल्या बहिणी साडी घेतात, सही देतात. हिने साडी ठेवून घेतली आणि म्हणाली, "सई नाय करनार, म्हादू. तो नवरंग वैशाखात जाळीत बालंतपनाला येतो, मीपन तवाच मायेरी येते. दोगांनाबी हाकलतोस काय?"

तीन वर्षं भाऊबीजेला गेलो नाही. तिचं काही अडलं नाही. माझ्या करंज्या बुडाल्या. चौथ्या वर्षी वैशाखात ती आली तेव्हा तिच्या शेजारी जाळीपाशी बसलो आणि तो नवरंग ऐकला. दोन सुरांची खणखणीत शीळ, एवढ्याशा पाखराची. तेव्हापासून घरात सांगून ठेवलंय, नवरंग येतोय तोवर जाळी विकायची नाही.

यंदा वैशाख सरत आला तरी शीळ नाही. जनीबाय येऊन बसली आहे, तो नाही. परवा चिरंजीव धावत आले: "बाबा, तुमचा नवरंग देवळामागच्या झाडीत शिफ्ट झालाय! आपला प्लॉट मोकळा!"

गेलो. शीळ येत होती, बरोबर नऊ-नऊ सेकंदांनी. मग नवरंगाने गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात केली. झुडपातून मोबाइल काढत मितेश म्हणाला, "टेक्निकल प्रॉब्लेम, बाबा."

४. सबब, जाळीतला माझा अर्धा हिस्सा जनीबायला, नवरंग येवो न येवो. तिच्या पश्चात तो मनस्वीकडे जावा. मितेशला प्लॉट हवाच असेल तर त्याने आत्याची सही आणावी. जाताना साडी न्यावी. ती ठेवून घेईल.

ठिकाण: विचुंबे, ता. पनवेल
दिनांक: ३ जून २०२४

सही: महादेव हिरू भोपी

साक्षीदार:
१. भगवान नामा घरत, निवृत्त तलाठी
२. कुंदन कडू, वकील

सह्या झाल्यावर केलेली नोंद: शाई वाळत असताना जाळीतून शीळ आली. ओटीवरून जनीबाय ओरडली, "आयकलास का रं, म्हादू?" साक्षीदारांसह आम्ही दहा मिनिटं कान देऊन थांबलो. जाहिरात लागली नाही.