एका नावाची दोन बोटं

१२ मार्च
मिलीतलं अंगठ्याने हजेरी घेणारं मशीन काढलं. पोती ओढून हमालांचे अंगठे घासलेले, ठसाच उठत नव्हता. पोराने, प्रशांतने, नागपूरहून नवं आणलं. बोटात उजेड मारते, आतल्या शिरा वाचते म्हणे. "बाबा, कातडी घासते, शीर नाई घासत." बरं. सगळ्यांची बोटं नोंदवली. चहा मात्र मलाच पाजावा लागला.

१८ मार्च
मोहाची फुलं गळायला लागली. बंडू रानात वेचायला, त्याच्या जागी धाकटा भाऊ सोमा. दरसालचंच. हमाली त्या घराची, मोकळा असेल तो येतो. मिलीत दोघांनाही बंडूच म्हणतात. चेहरा एक, अंगकाठी एक. मी पाठ फिरवून बसलो तरी सांगतो कोण आलाय. बंडू पोतं आदळतो, सोमा ठेवतो.
आज सोमाने बोट ठेवलं, लाल दिवा. पुन्हा लाल. प्रशांतने फाटकातूनच हाकलला. वर मला सांगतो, "बनावट माणूस आहे." डोकं फिरलं. बनावट! तू रांगत होतास तेव्हापासून तो इथे धान उचलतोय.

१९ मार्च
आजही परत पाठवला. आठवडाभर गैरहजर तर बंडूचं नाव कटणार, नियम. कुणाचा नियम? मिल मी पाठीवर पोती वाहून उभी केली, या डबड्याने नाही. जेवलो नाही.

२१ मार्च
सापडलं. मशीन एका नावावर दोन बोटं घेते, एकाला जखम झाली तर दुसरं चालावं म्हणून. बंडूचं एक आहेच. दुसरं म्हणून सोमाचं टाकायचं. मशीनला काय कळतंय. सोमाला निरोप धाडला. आज पोटभर जेवलो.

२२ मार्च
सोमा आला. मशीन दाखवलं. हात मागेच.
"बंडूच्या नावात नाई टाकत, मालक."
"काऊन रे? तुमचीच जागा वाचवून राह्यलो ना."
"हो जी. पन इतकी वर्सं तुमी मले बंडू म्हनून बलावता. ह्या मशीननंच पयल्यांदा सांगतलं का मी बंडू नाई. माह्यं नाव टाका."
दोन नावं म्हणजे दोन हमाल. दोन हमाल म्हणजे दोन जागा, आणि त्या घराची जागा एकच... प्रशांत दारात उभा राहून हसत होता. चालता हो म्हणालो. कुणाला म्हणालो ते दोघांनाही कळलं नाही. सोमा गेला.

२४ मार्च
उद्या नाव कटतं.
सकाळी फाटकाशी पावलं. ओळखली, सोमाची. बोट ठेवलं, मशीन टूं करून नाही म्हणालं. पुन्हा ठेवलं. पुन्हा टूं. तो जात नाही. मी खिडकीत. हाक मारायला तोंड उघडलं तर जिभेवर बंडूच. साला.
अजून उभाच आहे.