फलाट क्रमांक शून्य

१८ ऑगस्ट, सोमवार
आजपासून रोजनिशी. पुढं हे सगळं सुरू कसं झालं असं कोणी विचारलं, तर आठवायला सोपं जावं म्हणून. दुसऱ्या कोणी वाचायची नाही.

मी वीरभद्र. तुळजापूर स्टँडचा वाहतूक नियंत्रक, गेल्या महिन्यात रिटायर. उभी हयात माइकसमोर गेली. ‘सोलापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे’ हे वाक्य माझ्यासारखं कोणी म्हणून दाखवावं. आता माझ्या जागी यंत्र बसवलंय. त्यात कुठल्याशा बाईंचा आवाज भरलेला. बाई चांगल्या घरच्या असतील, पण काक्रंबा म्हणताना त्यांच्या तोंडात गाव येत नाही.

स्टँडवर आख्खं गाव माझं ऐकत होतं. घरात कोणी ऐकत नाही. मथुराला, म्हणजे आमच्या मंडळींना, चहा सांगितला तर म्हणते, दोन-दोनदा कशाला सांगता, मी काय बहिरी हाय? सूचना दोनदाच द्यायची असते हे तिला इतक्या वर्षांत कळलं नाही. पहिली जागं करायला, दुसरी ऐकायला.

निर्णय घेतलाय. पॉडकास्ट काढायचा.

२० ऑगस्ट, बुधवार
स्टँडसमोर बजरंगचं हॉटेल. तिथं सादिक भेटला. सोलापूर रूटवर गाडी चालवायचा, माझ्याआधी रिटायर झाला. जुना दोस्त आहे पण जिभेला हाड नाही. सगळ्यांदेखत म्हणाला, वीरभद्र, राग मानू नको, पर मशीनचा आवाज लई साफ हाय. घरघर न्हाय, खोकला न्हाय.

माझं डोकं सरकलं. म्हणालो, घटस्थापनेला माझा आवाज जगाच्या कानात असेल. तो म्हणाला, आणि नसला तर? मी म्हणालो, तर ह्याच हॉटेलात उभा राहून सांगेन की यंत्राचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे. बजरंगनं भजी तळायची थांबवून ऐकलं. सवयीनं मी दोनदा बोलून गेलो होतो.

काळजीचं कारण नाही. महिना पडलाय.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
हैदराबादहून सोनालीचा फोन. लेक नोकरीला आहे तिकडं, तिला सगळं कळतं असं तिला वाटतं. म्हणाली, बाबा, एखाद्या ॲपवर टाका ना, फुकट असतं, लगेच होतं. म्हणालो, दुसऱ्याच्या ओसरीवर बसून बोलायची मला सवय नाही. स्वतःची वेबसाइट घेतली. नाव ‘फलाट क्रमांक शून्य’. एकपासून पुढचे सगळे फलाट सरकारचे. शून्य माझा.

पॉडकास्टला फीड लागतं. व्हिडिओ बघून शिकलो. व्हिडिओतला पोरगा गाडी सुटल्यासारखं बोलतो, पण मुद्दा कळला. फीड म्हणजे एक फाइल. तिच्यात प्रत्येक भागाचं नाव, तारीख, थोडी माहिती, आणि आवाज कुठं ठेवलाय त्याचा पत्ता. ऐकणाऱ्याचा मोबाइल ती फाइल वाचतो आणि त्या पत्त्यावरून आवाज घेऊन येतो.

म्हणजे स्टँडवरचा वेळापत्रकाचा फलकच की. जन्मभर दुसरं काय केलं मी? अर्धं काम झाल्यात जमा आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार
पॉडकास्टला चौकोनी चित्र लागतं. निरोप समारंभाचा फोटो काढला. फेटा, शाल, हातात नारळ. चौकोनात बसवताना फेटा तरी कापला जातो नाही तर नारळ तरी. दिवसभर विचार केला. फेटा ठेवला.

वर्गवारीही निवडायची असते. व्यवसाय, आरोग्य, विनोद, इतिहास. एसटी नाही. हे जगानं करायला हवं होतं. इतिहासात टाकलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार
आज रेकॉर्डिंगला बसणार होतो. काल गणपती बसले. मंडळाचा स्पीकर नेमका आमच्या खिडकीसमोर. माझा नाइलाज आहे. विसर्जनानंतर बघू.

तोवर माहिती लिहून घेतो. फलक आधी, गाडी मागून. स्टँडवरही हाच क्रम असतो.

३ सप्टेंबर, बुधवार
झपाट्यानं काम. वर्षभराच्या भागांची नावं, तारखा, वर्णनं फीडमध्ये लिहून काढली. भाग पहिला: ‘खरा आवाज कोणाचा?’ त्याखाली वर्णन: ‘वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या प्रश्नाचं निःसंदिग्ध उत्तर. एकदा ऐकाल तर विसरणार नाही.’ भाग दुसरा: ‘फलाटावरचे दिवस, पूर्वार्ध.’ उत्तरार्ध तेवीस भाग चालतो.

मथुरानं विचारलं, बोललात किती? म्हणालो, बोलायला काय लागतं, ते तर तोंडातच आहे. ती म्हणाली, बाजारात तुरी. पुढचं बोलली नाही, पण भांडी जोरात आपटली.

९ सप्टेंबर, मंगळवार
गणपती गेले, पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवं काही सुरू करू नये. पण मी आधुनिक आहे. माळवदावर, घराच्या उघड्या धाब्यावर बसून रेकॉर्ड केलं. नंतर ऐकलं. शेजारीपाजारी पानं ठेवून कावळ्यांना हाका मारतायत आणि कावळे येतायत. माझं एक वाक्य, कावळ्याचं एक वाक्य. कावळ्याचा आवाज स्वच्छ आलाय.

पूर्वज सुचवत असावेत की थांब. थांबलो.

११ सप्टेंबर, गुरुवार
एक किरकोळ भानगड. पॉडकास्टच्या यादीत नाव लावायचं तर फीडमध्ये मालकाचा ईमेल द्यावा लागतो. त्यावर एक कोड येतो, तो टाकला की मालकी पक्की. मी सवयीनं स्टँडच्या कंट्रोल रूमचा ईमेल टाकला होता. हात जुना आहे, काय करणार.

कोड तिकडं गेला. तिथल्या नव्या माणसानं तो कागदावर छापून सूचना फलकावर लावला. खाली लिहिलं, ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा. मी पोचलो तेव्हा सादिक फलकासमोर उभा राहून कोड मोठ्यानं वाचत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता, भाऊ, तुमचा हाय का?

मान ताठ ठेवून कोड उतरवून घेतला. फायदा असा की आता सगळ्या स्टँडला माझा पॉडकास्ट माहीत झालाय. जाहिरात फुकटात.

१४ सप्टेंबर, रविवार
आजपासून देवीची निद्रा. घटस्थापनेपर्यंत देवी पलंगावर झोपलेली असणार. तोवर आमच्या घरात कोणी गादीवर अंग टाकत नाही, सगळे चटईवर. यात्रेकरूंना द्यायच्या खोल्या मथुरा बघते, त्या खोल्यांतल्या गाद्याही गुंडाळून ठेवते.

व्हिडिओतला पोरगा म्हणाला होता, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना मऊ काहीतरी लावा. आणि घरातल्या सगळ्या गाद्या आज मोकळ्या. जगदंबेचीच इच्छा. मधल्या खोलीत चारी बाजूंनी गाद्या उभ्या केल्या, वरून दोन आडव्या टाकल्या. आत मी, मोबाइल आणि पाण्याचा तांब्या. असा स्टुडिओ जिल्ह्यात नसेल.

उद्या रेकॉर्डिंग. आज दमलो.

१६ सप्टेंबर, मंगळवार
लिहू का नको असं झालंय, पण रोजनिशीत खोटं नको.

दुपारी जेवण करून स्टुडिओत शिरलो. मोबाइल चालू केला. ‘श्रोत्यांनी कृपया लक्ष द्यावे’ इथपर्यंत उत्तम झालं. आत उबारा होता, अंधार होता. दृष्टिकोन ठरवायला म्हणून जरा डोळे मिटले.

मथुरानं गादी बाजूला केली तेव्हा मी गाद्यांत पाय पसरून घोरत होतो. देवीच्या निद्रेत. गादीवर. सगळं घर चटईवर पाठ मोडून घेत असताना.  ती म्हणाली, साऱ्या गावात एक तुम्हीच देवीच्या बरोबरीचे निघालात. तिनं मला अंघोळ करायला लावली, देवीपुढं नाक घासायला लावलं आणि सगळ्या गाद्या वाळत घातल्या. नवरात्रात यात्रेकरू येणार, त्यांना लागतात म्हणे. स्टुडिओ माळवदावर उन्हात पडलाय.

रेकॉर्डिंग ऐकलं. एक वाक्य आणि पुढं नुसतं घोरणं. घोरण्याचा दर्जा चांगला आहे, घुमत अजिबात नाही. गाद्यांचा उपयोग सिद्ध झाला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
मोठा दिवस. फीड बरोबर आहे का हे तपासणारी एक वेबसाइट असते. तिच्यात फीड टाकलं. लाल रेघाच रेघा. प्रत्येक भागाखाली आवाजाच्या पत्त्याची जी ओळ आहे ती रिकामी आहे, अशी तक्रार. अहो रिकामीच असणार, गाडी अजून डेपोत आहे.

बराच वेळ डोकं खाजवलं. मग सुचलं. त्या ओळीच काढून टाकल्या. पुन्हा तपासलं, तर हिरवी खूण. फीड बरोबर आहे. एकही चूक नाही. सोनालीला एवढं शिकून हे सुचलं नसतं.

बजरंगच्या हॉटेलात सगळ्यांना पेढे वाटले. सादिकनंही एक घेतला. म्हणाला, घटस्थापनेला ऐकतोच बघ. त्याचा चेहरा पडला होता असं मला वाटलं.

२१ सप्टेंबर, रविवार
सर्वपित्री. स्वयंपाक, पाहुणे, परत कावळे. आवाज रेकॉर्ड करायला सवड नाही झाली. पण आता त्याची घाई कशाला? फीड चालू आहे, यादीत नाव लागलंय, फेटा दिसतोय, भागांची नावं एकाखाली एक झळकतायत. मी स्वतः उघडून बघितलं. भरून आलं. मुख्य काम झालंय, उरलंय ते किरकोळ.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना
घट बसले. देवी जागी झाली. गावात मुंगी शिरायला जागा नाही, स्टँडवर माणसावर माणूस.

सादिक हॉटेलात वाट बघत होता. मोबाइल काढला, ‘फलाट क्रमांक शून्य’ उघडलं. भाग पहिला दाबला. काही नाही. दुसरा दाबला. खाली खाली जात दिवाळीपर्यंतचे भाग दाबून बघितले. मग मोबाइल माझ्यापुढं धरून म्हणाला, वीरभद्र, बोर्ड झकास रंगवलास. लेकिन गाडी कुठं हाय?

मी समजावलं. फलक लावणं माझं काम, गाडी आणणं ड्रायव्हरचं. तो म्हणाला, आणि ड्रायव्हर कोण हाय हितं?  नोकरीत हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

शब्द दिला होता, तोही चारचौघांत. उभा राहिलो. खरं लिहायचं तर फार वाईट वाटलं.  हळूच म्हणालो, यंत्राचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे. त्याच क्षणाला पलीकडं यंत्रातल्या बाई सोलापूरची गाडी सांगायला लागल्या. माझं कोणालाच ऐकू गेलं नाही. सादिक कानाला हात लावून म्हणाला, काय म्हणलास?

मग मी सूचना दुसऱ्यांदा दिली. पोटातून. त्या बाई मध्येच झाकल्या गेल्या. लोकांनी कप खाली ठेवले. बाकावर बसलेली एक म्हातारी गाठोडं उचलून लगबगीनं उभी राहिली आणि मला विचारायला लागली, लेकरा, कुठल्या फलाटावर लागली रं?

सादिक हसत होता, मग हसायचा थांबला. चहाचे पैसे त्यानंच दिले.

२४ सप्टेंबर, बुधवार
सादिकनं सोमवारचं माझं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. आज पाठवलं. ऐकलं. खणखणीत. घरघर नाही, खोकला नाही, कावळा नाही. इतकं साफ रेकॉर्डिंग माझ्याकडं दुसरं नाही. वेबसाइटवर चढवलं, फीडमधली ती ओळ परत आणली, पत्ता भरला. हिरवी खूण तशीच राहिली.

भाग पहिला: ‘खरा आवाज कोणाचा?’ आता वाजतो. नाव आणि वर्णन बदलायची गरज वाटली नाही.

संध्याकाळपर्यंत अर्ध्या स्टँडनं ऐकला. यंत्र चालवणाऱ्या नव्या माणसानं तर दोनदा ऐकला म्हणे. सोनालीचा फोन आला. म्हणाली, बाबा, तुमचा आवाज ऐकला आणि एकदम स्टँडवर उतरल्यासारखं वाटलं. बोलताना सारखी हसत होती. अभिमानानं असणार. जगाच्या कानात आवाज पोचला, दोन दिवस उशिरा का होईना. काय बोललो ही बारीकसारीक गोष्ट आहे.

मथुरालाही ऐकवला. गाद्यांना खोळी घालत होती, हातातली खोळ तशीच धरून तिनं शेवटपर्यंत ऐकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. म्हणाली, एवढं थोडक्यात बोलत असाल तर रोज ऐकीन मी.

म्हणजे श्रोत्यांची मागणी आहे. भाग दुसरा तीन तासांचा करावा म्हणतो. वर्णन आजच लिहून टाकलं.