पाठराखीण

३ मार्च
बँड गेला! फिल्मवर कायनेज या प्रथिनाचा पट्टा दिसायचा, ती जागा कोरी. मी प्रयोगशाळेत बनवलेल्या रेणूनं काम केलं. मॅडम खुर्ची सोडून बघायला आल्या — हे म्हणजे पदकच!
भावोजींच्या रक्तातल्या पेशींना 'वाढा, वाढा' म्हणून पिटाळणारं हेच ते कायनेज. जुन्या औषधाला ते आता जुमानत नाही.

४ मार्च
वॉर्डात भावोजींना समजावत बसले. पेशीत नव्यानं बनलेल्या कायनेजला स्वतःची घडी धड घालता येत नाही. शॅपरोन नावाचं दुसरं प्रथिन त्याला हाताशी धरून घडवतं, पुढेही सांभाळतं. त्यानं हात सोडला की कायनेज चुरगळतं आणि पेशी त्याला कचऱ्यात काढते.
"म्हणजे पाठराखीण!" भावोजी म्हणाले. "मेहुणीबाई, मलाही आहे की एक. डोळ्यांत तेल घालून बसलेली असते."
ताई हसली नाही. जिन्यात तिनं माझा दंड धरला. "तुझं ते औषध थोडं दे." ते औषध नाही अजून, मी म्हटलं. "तूच केलंस ना? मग कुणाला विचारायचंय?"

७ मार्च
दिली. एक कुपी, रुमालात गुंडाळून. माझी निरोगी पेशींवरची चाचणी राहिलीय. ती होईपर्यंत फ्रीझरमधून काढायची नाही, असं ठरलं.
"पण राहू दे माझ्याकडेच. तुझ्याकडे राहिली तर तुझं मन बदलेल," ताई म्हणाली. ओळखते मला!
नोकरी गेली तर गेली. भीती त्याची नाही. 

९ मार्च
शेजारच्या टेबलावरचा शंकासुर — सगळे त्याला हेच म्हणतात — चहा घेता घेता म्हणाला, "औषधानं कायनेज बंद पडायला हवं. तुझं तर गायबच होतंय. का?"
मी उखडले. याला नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं! पण नंतर जेवण गेलं नाही.

१० मार्च
नळीत नुसतं शुद्ध कायनेज घेतलं, त्यात माझा रेणू घातला. काही नाही. ढिम्म! कायनेजचं काम आपलं मजेत चालू. म्हणजे माझा रेणू त्याला शिवतच नाही. मग पेशीत ते नाहीसं कसं होतं?
शंकासुर बघून गेला.  

११ मार्च
निरोगी पेशींवर रेणू घातला होता. तिथली दुसरी कायनेजंही गेली, एकापाठोपाठ एक. माझा रेणू पाठराखणीलाच धरतोय! तिच्या आधारावर उभी असलेली सगळीच कोसळतात — रोगी काय नि निरोगी काय.
"याचंही औषध होऊ शकेल," शंकासुर म्हणाला, "पण फार जपून. नाहीतर..." त्याला कुपीचं माहीत नाही.
ताईला फोन. उचलत नाही. पुन्हा. नाही. शेवटी भावोजींना केला. आवाज नेहमीसारखा. "ताई आज आली नाही. बरं वाटत नाहीये म्हणाली, घरीच पडून आहे." काही घेतलंत का, कुठलं नवं औषध? "इथलंच. नवं काय देतंय कोण?"
सुटले! भावोजींना दिलेलं नाही. अशीच निघते, कुपी परत आणते.

११ मार्च, इस्पितळात
ताईच्या फ्रीझरमध्ये कुपी अर्धी. तिला घेऊन तशीच इथं आले. डॉक्टरांना सगळं सांगितलं.
ताईची खाट भावोजींच्या वॉर्डाच्या अगदी खालच्या मजल्यावर. "ह्यांना द्यायच्या आधी मीच घेऊन बघितलं गं," म्हणाली.