भरमूचा विडा

शहापूर, बेळगाव
रविवार, ता. ८ डिसेंबर १९३५

ती. तम्मण्णाअण्णांच्या पायी तुमच्या संघातल्या धाकट्या सुबरावचा नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून काय ते तुम्हीच ठरवा. वहिनींचा खोकला तंबाखूच्या धुळीने वाढला म्हणता, तर त्यांना वखारीकडे फिरकू देऊ नका.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी विचारल्या आहेत. यंदा आपला हुतूतूचा संघ भरमूला विडा देणार का, ही एक. आणि सातवा महिना लागला तरी त्याने बायाक्काला माहेरी का धाडलं नाही, ही दुसरी. बहिणीची काळजी भावाला असणारच. पण आधी पहिलीचं उत्तर देतो, ते सोपं आहे. म्हणजे परवापर्यंत सोपं होतं.

तुम्ही नायक होता तेव्हा विड्याच्या दिवशी गंमत असायची. देवळात बसायचं, ज्याला वर्षभर हुतूतूला घ्यायचं त्याच्यापुढे पान ठेवायचं. त्याने ते उचललं की वर्षभर दुसऱ्या संघाकडे मान वळवायची नाही. यल्लाप्पा नायक झाल्यापासून त्याची कोर्टाची तारीख झाली आहे. मागच्या आठवड्यात भरमूच्या गुडघ्याचा खटलाच चालला, आणि आरोपीला बोलावलं नव्हतं.

यल्लाप्पाचं म्हणणं चुकीचं नाही. बोरगावला भरमूची वाटी सरकली, पिरनवाडीला पुन्हा सरकली, आणि दोन्ही वेळा ऐन रंगात आलेल्या डावातून त्याला खांद्यावर घालून आणावं लागलं. "अर्ध्या डावात निजणारा गडी काय करायचा?" तो म्हणाला. "त्यापरास साधा गडी घ्या, पर धड पायाचा घ्या."

नागोजी तर उसळलाच. "भरमू नुस्ता रेघंवर हुबा ऱ्हायला तरी निपाणीवाल्यांचा दम आखूड हुतोय. तुझा धड पायाचा गडी बगून त्यास्नी जांभई येईल."

निपाणीचं नाव काढलं म्हणून रागावू नका. तुम्ही तिकडे राहायला गेलात तरी आमच्याच बाजूचे आहात, असं मी सगळ्यांना सांगत असतो.

मला विचाराल तर मी नागोजीच्या बाजूचा. भरमू चढाईला निघाला की मला अजून भूक लागत नाही, तहान लागत नाही. त्याच्यासारखा गडी आपल्या पेठेत पुन्हा होणार नाही. म्हणून मीच तोड काढली. म्हटलं, गुडघा बघायला कशाला पाहिजे, ऐकू या. विणताना मागाच्या खड्ड्यात बसून त्याला दोन्ही पायांनी पावड्या दाबाव्या लागतात. ज्याची वाटी जागेवर नाही त्याचा ठोका चुकणारच. आणि ठोक्यावरून विणकर ओळखता येत नाही असं माणूस आपल्या गल्लीत जन्मलेलं नाही. यल्लाप्पालाही ते पटलं. ऐकायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा कान चांगला, असं सगळे म्हणाले आणि मी नाही म्हटलं नाही.

रोज सकाळी भरमूच्या घरामागच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. माग चालू असायचा. तोच भरमूचा ठोका, दोन जड आणि मग जरासा थांबून एक हलका. एकदाही चुकला नाही. शुक्रवारी मी देवळात मारुतीच्या पायावर हात ठेवून सांगितलं, गुडघा धड आहे. ठरलं. सोमवारी भरमूपुढे विडा ठेवायचा. नागोजीने मला उचलून नाचवलं.

काल मला राहवलं नाही. भरमूला आधीच सांगावं म्हणून गेलो आणि हाक न मारता दार ढकललं.

अण्णा, खड्ड्यात बायाक्का होती.

पदर खोचलेला, पाय पावड्यांवर, आणि विणलेलं लुगडं गुंडाळायचं ते लाकूड तिच्या पोटाला भिडलेलं. फणी ओढली की ते पोटावर दाबत होतं. भरमू भिंतीपाशी घोंगडीवर पडून तिच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत होता. बायकांचं काम तो करत होता आणि त्याचं ती. त्याचा गुडघा मी पाहिला. त्याला गुडघा म्हणवत नाही. आपल्या गल्लीत बाई मागावर बसत नाही, म्हणून कट्ट्यावर बसून ऐकताना ती शंकासुद्धा माझ्या डोक्यात आली नाही.

तिने हात थांबवला नाही. धोटा इकडून तिकडे टाकत एवढंच म्हणाली, "सुबादा, दार लाव."

मी दार लावलं आणि भरमूवर ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. मध्येच ती म्हणाली, "त्येंनी सांगितलं न्हाय. मीच बसले. माग थांबला असता तर गल्लीला कळलं असतं. त्येंचा ठोका उचलाय लई तरास पडला मला."

"आणि निपाणीला का जात न्हाईस?"

"मी गेले तर हितं कोन बसंल?"

हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ते पहिल्यातच होतं, म्हणून इतका वेळ टाळत आलो.

भरमू खाली बघत होता. म्हणाला, "सुब्या, येक वर्स दे मला. येवढा येक विडा. पोर जलमल्यावर लोकांनी म्हनावं, भरमू गड्याचं पोर. भरमू लंगड्याचं नगं." मग म्हणाला, "तू जे ऐकलंस तेच सांगितलंस न्हवं? मग तेच खरं धर."

मी उठून आलो. हाडवैद्याला वाटेत गाठून नाव न घेता विचारलं. असा गुडघा पुन्हा सरकला तर माणूस जन्मभर काठीवर, म्हणाला. म्हणजे खेळ गेलाच, मागही गेला.

तेव्हा उद्या देवळात मी उठून विडा अडवणार आहे. पण खरं कारण सांगणार नाही. बायकोला, तेही अशा दिवसांत, मागावर बसवून स्वतः कांड्या भरत होता हे शहापुरात फुटलं तर भरमू तोंड दाखवणार नाही, आणि बायाक्काचं एवढं सोसणं थट्टेचा विषय होईल. मी सांगणार, माझा कान चुकला. शेजारच्या घरचा माग ऐकून भरमूचा समजलो. विणकराच्या पोराने असं म्हणायचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. यल्लाप्पा हसेल, नागोजी माझ्याशी बोलणार नाही. भरमू तर कधीच बोलणार नाही. तो जिवाभावाचा माणूस मी उद्या गमावणार, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं आहे.

त्याचं अर्धं राहिलेलं लुगडं मी पुरं करेन. पण बायाक्काला मी उठवू शकलो नाही. खूप सांगून पाहिलं. म्हणते, तुझा ठोका वेगळा पडेल, लोकांना कळेल. ती तुमचंच ऐकेल. पत्र सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरकडे देतो आहे, संध्याकाळी पोचेल. उद्याच्या पहिल्या मोटारीने या आणि तिला घेऊन जा. गल्लीत कोणी विचारलं तर बाळंतपणाला नेतो म्हणा, ते खरंच आहे.

आणि कोणी माझ्यावर हसलं तर तुम्हीही हसा, अण्णा. मला ओळखत असल्यासारखं मध्ये पडू नका.

तुमचा,
उद्यापासून शहापूरचा बहिरा,
सुबराव