राणीसाठी नाक

पॉट्सडाम, ११ मार्च १९२६

आदरणीय हेडविगताई,

तुझा गुडघा आणि तुझे पाद्रीबाबा दोघेही तिकडे म्युन्स्टरला ठणठणीत असोत. माझी प्रकृती उत्तम आहे; मनाचं विचारू नकोस, सांगतेच.

वरच्या खोलीत इर्मट्राउड केसेल राहते, हे तुला कळवलं होतं. (माझी जुनी विद्यार्थिनी. भूमितीत कच्ची, कात्रीत पक्की.) ती काळ्या कागदाची माणसं कापते, त्यांचे हातपाय सांध्यासांध्यांत बारीक तारेने जोडते, खालून दिवा लावलेल्या काचेवर त्यांना निजवते आणि केसभर हलवून वरच्या कॅमेऱ्याने एकेक चित्र घेते. अशी हजारो चित्रं भरभर दाखवली की कागद चालायला लागतो. नाताळात तिने मला खिडकीशी बसवून माझी बाजूने दिसणारी आकृती कापून घेतली. गोष्टीतल्या राणीसाठी हवी, म्हणाली. मठाच्या शाळेत सिस्टर अपोलोनियांनी आपल्याला न हलता बसायला शिकवलं, त्याचं अखेर चीज झालं असं वाटून मी तासभर मान हलवली नाही.

गेल्या आठवड्यात मंगळवारी तिचं टपाल द्यायला वर गेले, तर काचेवर मीच पडलेली. तेच नाक, तोच अंबाडा. पाठीला कुबड आणि हातात बेडकांची टोपली तेवढी नवी. चेटकीण. शेवटी तिला भट्टीत ढकलतात. चौतीस वर्षं मी या गावातल्या मुली शिकवल्या, ताई. त्या आता आपापल्या पोरांना घेऊन हे बघायला येणार आणि मी जळताना टाळ्या वाजवणार. मी जाब विचारला, तर बया शांतपणे म्हणते, “नाकाचं राहू द्या, चाल बघा ना बाई. तुम्ही उठता तेव्हा आधी नाक उठतं, मग तुम्ही.”

मी ती आकृती उचलली. (फेकली नाही. उचलली.) तिथे तीन आठवडे खपून जमवलेलं चालणं होतं, हे नंतर समजलं; आकृती जागची हलली की सगळं पहिल्यापासून. केसेल रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती रिकाम्या काचेकडे बघत बसली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की चेटकिणीचा डावा पाय मुळातच चुकला होता. मी तो जरा ओढते. खोलीत दोनदा चालून दाखवावं लागलं. आता रोज दुपारी दाखवते. चुकीची चाल माझ्या नावावर खपवून घेणार नाही.

तुझी,
वालबुर्गा

ता. क. कागदी आकृतीचं डोकं मानेपाशी एकाच तारेने अडकवलेलं असतं. सगळं पहिल्यापासून करायचंच आहे, तर ते बदलता येतं. चाल माझीच राहील. मात्र चेटकिणीला आपल्याच घराण्याचं नाक शोभेल, असं केसेलचं मत पडलं.

दुसरा ता. क. तुझा बाजूने काढलेला एक फोटो पुढच्या शुक्रवारच्या आत पाठव. इथे तुला कोणी ओळखत नाही. फोटो काढताना मात्र राणीसाठी हवा आहे, असं मनात धर. मान ताठ येते.