अकरा हिरवी पिल्ले

रिसोड, रविवार, ५ ऑगस्ट १९३४
अन्वरीच्या कोंबडीखालच्या अकरा अंड्यांतून अकरा पिल्ले. फर्स्ट क्लास. अन्वरी मेडशीला माहेरी, बाळंतीण. मुलगी एकोणीस दिवसांची झाली, मी अजून तोंड पाहिले नाही. सासूबाईंचा, म्हणजे सकीनाबींचा निरोप: ज्याच्या हातून कोंबडीचे पिल्लू जगत नाही, त्याच्या घरी मी लेकरू कायले पाठवू? अन्वरीचे म्हणणे जरा मऊ: अकराच्या अकरा जगवून दाखवा, चाळिसावा दिवस झाला की येतो. यात अवघड ते काय?

सोमवार, ६
शेजारची हौसाबाई मळेवाली सांगून गेली, पिल्लाइले गुलाबी रंग द्या, घार उचलत नाही. सगळे गाव गुलाबीच देते. कोणी डोके चालवले का? गुलाबी तर आभाळातून लख्ख दिसतो. गवत हिरवे, तर पिल्लू हिरवे पाहिजे. रंगारी मी आहे, हौसाबाई नाही.
संध्याकाळ. अकराही हिरवी. कोमट पाण्यात बुडवली, भट्टीजवळ वाळवली. रंग असा एकसारखा बसला की मीच पाहत राहिलो.

मंगळवार, ७
कोंबडी पिल्लांना ओळख देत नाही. चोच मारते. अडाणी जनावर. ठरवले, आजपासून आई मीच. टाइमटेबल: सहाला कण्या, नऊला पाणी, बाराला वाळवी, दिवे लागले की भट्टीजवळच्या टोपलीत. साफे रंगवणे बंद.

बुधवार, ८
टाइमटेबल साडेआठला सुरू. वाळवी आणली नाही, वारूळ लांब पडते. उद्यापासून कडक.

गुरुवार, ९, दुपार
पिल्ले परसातल्या गवतात सोडली. घारीने तीन घिरट्या घातल्या आणि हात हलवत गेली. एक्सपेरिमेंट पास.

गुरुवार, संध्याकाळ
पिल्ले मलाही दिसत नाहीत. रांगत रांगत सारे गवत चाचपले. सात सापडली. एकावर गुडघा पडता पडता राहिला.

शुक्रवार, १०
हौसाबाई म्हणे, मेथीच्या जुड्या बांधून राह्यली होती, तर जुडीच चीं चीं कराले लागली. दोन परत आणून दिली. म्हणे, इब्राहीमभाऊ, बाजारात इकले असते न मी तुमचे पिल्लं. मी हसलो नाही. राहिलेली दोन गवतात कुठेतरी असणारच, फक्त दिसत नाहीत. मेडशीला चिठ्ठी धाडली: अकराही मजेत.

सोमवार, १३
रात्री पावसाची झड लागली. मी जरा पडलो होतो, भट्टी विझली. सकाळी चार पिल्ले गार. परसात पुरली. वाईट वाटले, फार वाईट वाटले. एवढीएवढीशी तोंडे. मुलीचे नाव काय ठेवले, तेही कोणी कळवले नाही.
हौसाबाई दिवे लागल्यावर आली, उरलेली पाच उचलली आणि अंधारात कोंबडीच्या पोटाखाली सारली. म्हणे, अंधारात तिले कोठं रंग दिसते.

मंगळवार, १४
कोंबडी पाचांना घेऊन अंगणभर हिंडते आहे. आठ दिवस मी वळण लावले, त्याचा हा परिणाम. पिल्ले शिकलेली असली की आईलाही सोपे जाते.

रविवार, २६
अन्वरी आली. बंडीत सकीनाबी, त्यांच्या मांडीवर मुलगी. मी साफा बांधून दारात उभा. अन्वरीने उतरताच पिल्ले मोजली. बाकीची कोठं, म्हणे. मी म्हटले, गवतात आहेत. ती तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. मुलगी घटकाभर माझ्याजवळ दिली. नाव फातिमा. माझे बोट धरून झोपली. मी हललो नाही.

सोमवार, २७
सकाळीच बंडी जुंपली. कोंबडी टोपलीत, पाच पिल्ले टोपलीत, फातिमा सकीनाबींच्या मांडीवर, सगळे मेडशीला परत. अन्वरी म्हणे, दिवाळीनंतर पाहू. निघताना तिने हौसाबाईला कुंपणापाशी बोलावले. मला ऐकू येऊ नये म्हणून हळू बोलत होती, पण आले. म्हणे, मावशी, याईले दोन टाइम खाऊ घालत जा, अन् भट्टीजवळ झोपू देऊ नका.
हौसाबाई म्हणे, तू जाय बिनघोर. एकच तर हाय, जगवतो मी.