पंचवीस हिवाळ्यांचा पाहुणा

लिंझ, ८ जानेवारी

ती. बुर्गीताईस ओथमारचा सा. न. वि. वि.

फेब्रुवारीच्या सुट्टीसाठी तू चार नंबरची खोली आमच्यासाठी धरून ठेवली असशील. ती दुसऱ्या कोणाला देऊन टाक. यंदा आमचं येणं जमत नाही.

कारण सांगायला लाज कसली! तिघांचा सहा दिवसांचा रोपवेचा पास आता नऊशे युरोच्या घरात गेलाय. वर डोंगरावर वाटीभर सूप घ्यायचं तरी आधी खिसा चाचपावा लागतो. तुझी भावजय रेनाटे म्हणते, एवढ्या पैशात कपडे धुण्याचं नवं मशीन येतं, आणि ते सहा दिवसांनी बंदही पडत नाही. शिवाय तुझ्या भाचीला, लेनीला, गेल्या वर्षीची स्कीची बुटं होत नाहीत. म्हणून यंदा गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊ म्हणतो. तिथे पोहण्याचे कपडे असले की झालं.

तुझा गुडघा कसा आहे? रागावू नकोस, आणि लोभात काटछाट करू नकोस.

तुझा धाकटा,
ओथमार


हिंटरआउ, १५ जानेवारी

चि. ओथमार यास बुर्गीताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा बरा आहे, डोकं मात्र तुझ्या पत्रापासून ठणकतंय.

महागाई तू मला शिकवतोस? माझ्याकडे उतरलेली हॉलंडची मंडळी सकाळच्या न्याहारीतलेच पाव चीज घालून रुमालात बांधतात आणि खिशात कोंबतात, म्हणजे दुपारी वर खर्च नको. मला दिसत नाही असं त्यांना वाटतं, मीही तसंच वाटू देते. पण तुझं वेगळं. दरवर्षी पास महागतो, दरवर्षी तू माझ्या टेबलाशी बसून तासभर रोपवे कंपनीचा उद्धार करतोस, आणि दरवर्षी येतोस. तेव्हा नुसत्या पासाचं कारण मला पटलेलं नाही. माझ्या हातून रेनाटेचं मन दुखावलं का? की माझ्या सूपमधल्या पावाच्या गोळ्यांना कंटाळलात?

खरं काय ते लिहून कळव. फोनवर तू नुसता हं हं करतोस. माझे यजमान गेल्यापासून हिवाळाभर या दारात परक्यांची बुटं असतात. आपल्या माणसांची असतात ती त्या एका आठवड्यात. तो आठवडा मला हवा आहे. खोली मी कोणाला दिलेली नाही.

उत्तराची वाट पाहते. रेनाटेला आणि लेनीला पापा.

बुर्गीताई


लिंझ, २२ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

रेनाटेचा काही संबंध नाही. गोळ्यांचा तर नाहीच.

गेल्या वर्षी पासाच्या खिडकीवरच्या मुलीने मला गावचा पत्ता विचारला. गावकऱ्यांना पास निम्म्यात मिळतो ना. मी तिला म्हटलं की यंत्रं आली नव्हती तेव्हा इथले उतार आमचे बाबा आणि अख्खं गाव तयार करायचं, स्की आडव्या लावून, एकेक पाऊल बर्फ तुडवत, आणि त्या रांगेच्या शेपटाला मी असायचो. ती गोड हसून म्हणाली, आठवण छान आहे, पण पत्ता लिंझचा आहे. तिचं काय चुकलं? मी बाहेरच्यांचा दर भरला.

मग डिसेंबरात गावच्या पर्यटन कचेरीचं पत्र आलं. पंचवीस हिवाळे आपल्या गावावर प्रेम करणारे निष्ठावान पाहुणे म्हणून माझा सत्कार आहे, कोटाला लावायचा बिल्ला आणि दारूची बाटली मिळेल. थट्टा वाटली म्हणून मी फोन केला. ते म्हणाले, तुमच्या बहिणीनेच दरवर्षी तुमचं नाव पाहुण्यांत कळवलंय.

ज्या घरात जन्मलो तिथला मी पाहुणा. ताई, मला रडू आलं, आणि मग तुझा राग आला. पास महाग झालाय हे खोटं नाही. पण त्यासाठी मी कर्जही काढलं असतं. बिल्ला लावून यायची मात्र माझी तयारी नाही.

राग धरू नये. माझाही निवळेल.

ओथमार


हिंटरआउ, २९ जानेवारी

चि. ओथमार यास अनेक आशीर्वाद.

अरे वेड्या, भाड्याने दिल्या जाणाऱ्या खोलीत जो झोपेल त्याचं नाव कळवायचं, असा कायदा आहे. अर्जावर पाहुणा एवढंच छापलेलं असतं, भाऊ असा रकाना नसतो. माणसामागे रात्रीचा कर लागतो, तोही इतकी वर्षं मी माझ्या पदरचा भरला. मी नियम पाळत राहिले. तुला काय वाटेल हे एकदाही मनात आलं नाही, याचं वाईट वाटतं.

काल कचेरीत गेले. सत्कार रद्द करा म्हटलं, तर तिथली पोरगी म्हणाली की बाटली आणून झालीय. मी म्हटलं, मग तुम्हीच प्या.

आणि चार नंबर आता भाड्याची खोली राहिलेली नाही. दारावरचा आकडा उचकटला आणि यापुढे माझ्याकडे तीनच खोल्या असं लिहून दिलं. गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे. आता तिथे कोण झोपतं याची चौकशी कोणी करायची नाही.

पास घेऊ नका. घरामागचं कुरण आपलं आहे. शेजारची रोझल आणि मी अजून बर्फ तुडवू शकतो, तुम्ही हात लावलात तर दोन दिवसांत स्कीचा उतार तयार होईल. तिच्या नातीची जुनी बुटं लेनीला येतील असं वाटतं. आता येणार की नाही तेवढं कळव.

वाटेला डोळे लावलेली,
बुर्गीताई


लिंझ, २७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. मांड्या अजून धरल्या आहेत. सहा दिवसांतले पहिले दोन नुसते बर्फ तुडवण्यात गेले, तेही माझी रांग वाकडी होते म्हणून रोझलच्या शिव्या खात. रेनाटे आता म्हणते की पासाच्या पैशात मशीन घेऊच.

आज लेनीच्या बाईंचा रेनाटेला फोन आला. फार हळू आवाजात बोलत होत्या. वर्गात सुट्टीचा विषय निघाला, सगळी मुलं कुठे कुठे जाऊन आलेली, आणि आमची कन्या म्हणाली की आम्ही कुठेच गेलो नाही. सहल परवडत नाही अशा घरांसाठी शाळेकडे थोडी मदत असते, संकोच करू नका, असं बाईंनी सांगितलं. रेनाटे खजील झाली. लेनीला बोलावून विचारलं की हिंटरआउला गेलो होतो ते का नाही सांगितलंस. ती म्हणाली, बाईंनी विचारलं होतं की सुट्टीला कुठे गेलात. आपण तर घरीच होतो, आत्याकडे.

असाच लोभ असू दे.

तुझा,
ओथमार